वेगवेगळ्या काळातले दोन दिग्गज घोडे एका शर्यतीत कसे उतरवायचे?

सेक्रेटेरिएट आणि मॅन ओ' वॉर एकत्र पळाले असते तर कोण जिंकलं असतं? शर्यतींच्या घोड्यांचं वेड लागलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. माझ्या डोक्यात आला तेव्हा मी अमेरिकेच्या या दोन घोड्यांच्या, न्यूयॉर्कजवळच्या बेलमाँट स्टेक्स या शर्यतीच्या वेळा वहीत शेजारी शेजारी लिहिल्या. मॅन ओ' वॉर, १९२०: २ मिनिटं १४ सेकंद आणि वर एक-पंचमांश. सेक्रेटेरिएट, १९७३: २ मिनिटं २४ सेकंद. म्हणजे मॅन ओ' वॉर जवळजवळ दहा सेकंदांनी पुढे! दोन दिवस मी हे खरं धरून बसले होते. मग लक्षात आलं की १९२० मध्ये बेलमाँट ११ फर्लांगांची होती आणि १९७३ मध्ये १२ फर्लांगांची, म्हणजे दीड मैलाची. शिवाय १९२० मध्ये बेलमाँट पार्कवर घोडे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पळत, म्हणजे आजच्या उलट. नाव तेच, शर्यत वेगळी.

त्या दोन दिवसांनंतर मी सगळं पहिल्यापासून शिकले. ज्यांना आत्ता सुरुवात करायची आहे त्यांनी त्याच खड्ड्यांत पडू नये म्हणून हे लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: "कोण जिंकेल?" हा अर्धाच प्रश्न आहे. कुठे, किती अंतरावर, पाठीवर किती वजन घेऊन आणि कुठल्या काळाच्या नियमांनी, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही. अटी बदलल्या की जिंकणारा घोडाही बदलतो.

जवळ काय काय हवं

- दोन्ही घोड्यांच्या प्रत्येक शर्यतीची नोंद: तारीख, मैदान, अंतर, हिरवळ की माती, जमीन ओली की कोरडी, वाहिलेलं वजन, कितवा आला, किती लांबींनी (एक लांबी म्हणजे साधारण एका घोड्याएवढं अंतर) जिंकला किंवा हरला.
- मोठ्या शर्यतींच्या टप्प्यांच्या वेळा. अमेरिकेत प्रत्येक पाव मैलाची वेळ छापली जाते. या नसतील तर पायरी ६ अर्धवट राहील.
- त्यांच्याकडून हरलेल्या घोड्यांच्या नोंदी. नवखे हे कायम विसरतात.
- एकाच संस्थेची रेटिंग (घोड्याच्या कुवतीला दिलेले गुण), दोन्ही घोड्यांसाठी.
- चित्रफीत मिळाली तर सोनंच. निकालपत्रक सांगत नाही ते घोड्याचे कान आणि जॉकीचे हात सांगतात.
- आखीव वही आणि साधा कॅल्क्युलेटर. एवढं पुरतं.

१. घोड्यांची नावं लिहिण्याआधी अटी लिहा

पानाच्या वरच्या भागात पाच ओळी लिहा: अंतर, पृष्ठभाग, वजन, सुटण्याची पद्धत, मैदानात एकूण घोडे किती. या पाच ओळी पूर्ण होईपर्यंत घोड्यांकडे बघायचंसुद्धा नाही. नाहीतर आपल्या लाडक्या घोड्याला सोयीच्या अटी नकळत आपोआप लिहिल्या जातात.

अटींनी काय होतं ते बघायचं असेल तर १ नोव्हेंबर १९३८ ची पिमलिकोची शर्यत घ्या. सीबिस्किट विरुद्ध वॉर ॲडमिरल, दोघंच, साडेनऊ फर्लांग. वॉर ॲडमिरल हा मॅन ओ' वॉरचा मुलगा, १९३७ चा ट्रिपल क्राउन विजेता (म्हणजे केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकलेला), सुटल्या सुटल्या पुढे जाणारा. त्याला स्टार्टिंग गेट (घोडे सुटण्याआधी ज्या कप्प्यांत उभे करतात ते) सहन होत नसे, म्हणून गेट न लावता घोडे चालत आणून घंटेवर सोडायचं ठरलं. सीबिस्किट एरवी मागून येणारा. पण त्याचा ट्रेनर टॉम स्मिथ याने त्याला घंटेच्या आवाजावर उसळायला शिकवून ठेवलं. घंटा वाजली आणि सीबिस्किट पुढे. जी अट वॉर ॲडमिरलच्या सोयीची वाटत होती, तीच त्याच्यावर उलटली. सीबिस्किट चार लांबींनी जिंकला. 'सुटण्याची पद्धत' ही ओळ मी कधीच रिकामी सोडत नाही, ती यामुळेच.

अंतर ठरवताना दोघंही खरोखर पळालेले आहेत असं अंतर शोधा. मॅन ओ' वॉर आणि सेक्रेटेरिएटसाठी ते सव्वा मैल आहे: एकाची १९२० ची ट्रॅव्हर्स, दुसऱ्याची १९७३ ची केंटकी डर्बी. ब्रिटनचा फ्रँकेल आणि फ्रान्सचा सी बर्ड यांच्यासाठी सुमारे २१०० मीटर: फ्रँकेलची २०१२ ची यॉर्कची शर्यत आणि सी बर्डची लाँशाँवरची १९६५ ची प्री ल्युपँ. असं सामाईक अंतर सापडलं की निम्मं काम झालं.

सापळा: शर्यतीच्या नावावर विश्वास ठेवू नका, अंतर प्रत्येक वर्षी तपासा. केंटकी डर्बी १८९५ पर्यंत दीड मैलाची होती, १८९६ पासून सव्वा मैलाची झाली. बेलमाँट २०२० मध्ये नऊ फर्लांगांची झाली. २०२४ आणि २०२५ मध्ये ती साराटोगाला सव्वा मैलावर पळवली गेली.

२. कुठल्या दिवसाचा घोडा, ते ठरवा

घोडा म्हणजे यंत्र नव्हे. ९ जून १९७३ ला बेलमाँट ३१ लांबींनी जिंकणारा सेक्रेटेरिएट ४ ऑगस्टला साराटोगाला व्हिटनी स्टेक्समध्ये ओनियन नावाच्या घोड्याकडून हरला. पुढच्या महिन्यात मार्लबरो कप जिंकताना नऊ फर्लांग १:४५ २/५ मध्ये पळून गेला, आणि वुडवर्डमध्ये पुन्हा प्रूव्ह आउटकडून हरला. एकच घोडा, एकच उन्हाळा.

मी दोन्ही घोड्यांच्या सर्वोत्तम तीन शर्यती काढते, आणि त्यातली दुसऱ्या क्रमांकाची पायाभूत धरते. एकुलता एक अफाट दिवस धरला तर घोडा आहे त्याहून मोठा होतो. सगळ्या कारकिर्दीची सरासरी धरली तर आजारपणाचे आणि कच्च्या वयाचे दिवस त्याला खाली ओढतात. तुम्ही दुसरी रीत धरलीत तरी हरकत नाही, मात्र दोघांना तीच लावा. एकाचा सर्वोत्तम दिवस आणि दुसऱ्याचा नेहमीचा दिवस समोरासमोर ठेवणं ही या छंदातली सर्वांत जास्त होणारी चूक आहे, आणि करणाऱ्याला ती दिसत नाही.

३. घड्याळ वाचायला शिका

इथे थोडं रेंगाळू या, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पहिली गोष्ट पंचमांशांची. अमेरिकेत वर्षानुवर्षं वेळ सेकंदाच्या पाचव्या भागात मोजत. जुन्या तक्त्यांत सेक्रेटेरिएटची डर्बी १:५९.२ अशी छापलेली दिसते. ते १ मिनिट ५९.२ सेकंद नव्हे. बिंदूनंतरचा आकडा पंचमांशांचा आहे; म्हणजे १ मिनिट ५९ आणि दोन-पंचमांश, दशांशात १:५९.४. मी एकदा अख्खा तक्ता चुकीचा उतरवला होता आणि प्रत्येक जुना घोडा थोडा थोडा वेगवान करून टाकला होता. ओळखायची खूण सोपी आहे: तक्त्यात बिंदूनंतर फक्त ०, १, २, ३, ४ हेच आकडे येत असतील, ५ ते ९ कुठेच नसतील, तर ते पंचमांश आहेत. वहीत सगळं दशांशात उतरवा आणि मगच पुढे जा.

दुसरी गोष्ट, घड्याळ कधी सुरू झालं. अमेरिकेत स्टार्टिंग गेट मोजणीच्या रेषेच्या थोडं मागे असतं. घोडे रेषेवर पोचतात तेव्हा घड्याळ सुरू होतं, म्हणजे त्यांनी आधीच वेग घेतलेला असतो. ब्रिटनमध्ये स्टॉल, म्हणजे गेटचा कप्पा, उघडतो तेव्हापासूनच वेळ मोजतात. त्यामुळे एका देशाची वेळ दुसऱ्या देशाच्या वेळेशेजारी ठेवायचीच नाही. इंग्लंडमधल्या एप्समचा चढउतार आणि केंटकी डर्बीच्या चर्चिल डाउन्स मैदानाची सपाट माती यांची तुलना तर घड्याळाने होणारच नाही.

तिसरी गोष्ट, घड्याळही चुकतं. १९७३ च्या प्रीकनेसमध्ये यंत्राने सेक्रेटेरिएटची वेळ १:५५ दाखवली. ती चुकीची आहे हे लगेच कळलं, अधिकृत वेळ १:५४ २/५ केली गेली, आणि वाद तरीही मिटला नाही. शेवटी २०१२ मध्ये, ३९ वर्षांनी, चित्रफितींवरून ती १:५३ ठरवली गेली. त्याआधी छापलेल्या मजकुरात जुनीच वेळ सापडेल.

चौथी गोष्ट, लांबीचे सेकंद. एक लांबी म्हणजे घोड्याच्या नाकापासून शेपटीपर्यंत, सुमारे आठ फूट. जुना हिशेब असा की पाच लांबी म्हणजे एक सेकंद. पण स्वतः करून बघा. सेक्रेटेरिएटने बेलमाँटचा शेवटचा पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, २५ सेकंदांत कापला. सेकंदाला सोळा मीटर झाले, आणि आठ फूट म्हणजे जेमतेम अडीच मीटर. सेकंदाला साडेसहा लांबी! दोन-तीन लांबींच्या फरकात याने काही बिघडत नाही. पण ३१ लांबी पाचाच्या हिशेबाने सहा सेकंदांहून जास्त होतात, साडेसहाच्या हिशेबाने पाचांपेक्षा कमी. मोठ्या फरकाने जिंकलेल्या शर्यतीत कुठला हिशेब धरलात ते पानावर लिहून ठेवा.

शेवटचं, त्याच दिवशीच्या, त्याच मैदानावरच्या इतर शर्यती बघा. सामान्य घोडेसुद्धा नेहमीपेक्षा खूप वेगात पळत असतील तर त्या दिवशी मैदानच वेगवान होतं, आणि आपल्या घोड्याच्या वेळेत तेवढी भर घालायला हवी.

४. वजन आणि वय

अंतर वाढतं तशी एका लांबीची किंमत पाउंडांत कमी होते. पाच फर्लांगांवर एक लांबी साधारण ३ पाउंडांची, एका मैलावर २ पाउंडांची, दीड मैलावर दीड पाउंडाची, दोन मैलांवर एका पाउंडाची. हा अनुभवाचा हिशेब आहे, विज्ञानाचा नियम नाही, पण हॅंडिकॅप ठरवणारे, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवून शर्यत बरोबरीची करणारे लोक पिढ्यान् पिढ्या असाच काही हिशेब वापरत आले आहेत.

यातून काय दिसतं बघा. १९२० च्या ड्वायर स्टेक्समध्ये मॅन ओ' वॉर आणि जॉन पी. ग्रीअर दोघंच होते, अंतर नऊ फर्लांग. जॉन पी. ग्रीअर शेवटपर्यंत बाजूला चिकटून राहिला आणि मॅन ओ' वॉर फक्त दीड लांबीने जिंकला. वाचताना वाटतं, अरे, हा तर बरोबरीचा घोडा! वजनं बघा: मॅन ओ' वॉरवर १२६ पाउंड, जॉन पी. ग्रीअरवर १०८. अठरा पाउंड म्हणजे त्या अंतरावर साधारण नऊ-दहा लांबी. त्या मिळवल्या की चित्र पालटतं.

फार लॅपने १९३० चा मेलबर्न कप १३८ पाउंड वाहून जिंकला. पुढच्या वर्षी त्याच्यावर १५० पाउंड ठेवले आणि तो आठवा आला. आकड्यात 'आठवा' दिसतो, म्हणून त्याला खाली ढकलू नका. दोन मैलांवर १२ पाउंड म्हणजे बारा लांबी.

सेक्रेटेरिएटने आयुष्यात १२६ पाउंडांपेक्षा जास्त वजन वाहिलं नाही. मॅन ओ' वॉरने दोन वर्षांचा असतानाच १३० वाहिले आणि तीन वर्षांचा असताना पोटोमॅक हॅंडिकॅपमध्ये १३८. मॅन ओ' वॉरच्या बाजूने माझ्या लेखी हा सर्वांत भक्कम पुरावा आहे, आणि वेळांच्या तक्त्यात तो कुठेच दिसत नाही.

वयाचं थोडक्यात: तीन वर्षांचा घोडा मोठ्यांपेक्षा हलकं वजन वाहतो. आजच्या आर्क द ट्रिओंफ या पॅरिसच्या मोठ्या शर्यतीत तीन वर्षांच्या नराला ५६.५ किलो, मोठ्या नराला ५९.५ किलो. दोन्ही घोडे तीन वर्षांचे धरले तर हा त्रासच वाचतो. नवख्यांनी तसंच करावं.

५. हरलेल्यांची वही ठेवा, मग रेटिंग बघा

"हा घोडा किती मोठा?" याचं सर्वांत खरं उत्तर त्याच्या मागे आलेल्या घोड्यांकडे असतं. एक्सेलेब्रेशन घ्या. फ्रँकेलसमोर तो पाच वेळा आला आणि पाचही वेळा हरला. फक्त या पाच शर्यती बघितल्या तर तो सामान्य वाटेल. पण फ्रँकेल नसताना तो प्री द्यू मूलँ जिंकला, प्री झाक ल मारवा जिंकला, ॲस्कटची क्वीन एलिझाबेथ स्टेक्स जिंकला. तो अव्वल घोडा होता. त्याला क्वीन ॲन स्टेक्समध्ये ११ लांबी मागे टाकणारा काय चीज असेल, हे त्यावरून कळतं.

तसंच सी बर्डच्या १९६५ च्या आर्कचं. दुसरा आला रिलायन्स, जो तोवर अपराजित होता आणि फ्रेंच डर्बी जिंकून आला होता. मागे आयरिश डर्बीचा विजेता मेडो कोर्ट होता, अमेरिकेचा प्रीकनेस विजेता टॉम रोल्फ होता, सोव्हिएत संघाचा अनिलिन होता. आणि फरक सहा लांबींचा. आर्कमध्ये याच्या तोडीची फळी एकत्र आलेली मला माहीत नाही.

प्रत्येक घोड्याच्या पानावर त्याच्याकडून हरलेले पाच उत्तम घोडे लिहा आणि त्यांनी इतरत्र काय केलं ते समोर लिहा. तासभर लागतो. सगळ्या खटाटोपातला सर्वांत सार्थकी लागणारा तास हाच.

रेटिंग यानंतर. टाइमफॉर्म या ब्रिटिश संस्थेने फ्रँकेलला १४७ दिले, सी बर्डला १४५. हे आकडे पाउंडांचे आहेत, म्हणजे २१०० मीटरवर फरक जेमतेम एका लांबीचा. त्यावर कुणाचं साम्राज्य उभं करू नका. आंतरराष्ट्रीय अधिकृत यादीत मात्र फ्रँकेल १४० वर आहे. ती वेगळी मोजपट्टी. अमेरिकेचे बेयर आकडे, म्हणजे वेळेवरून काढलेले वेगाचे गुण, आणखी वेगळे: फ्लाइटलाइनचे २०२२ च्या पॅसिफिक क्लासिकमधले १२६ हे फ्रँकेलच्या १४७ पेक्षा 'कमी' नाहीत, त्यांचा एकमेकांशी संबंधच नाही. आणि मोजपट्ट्याही बदलतात. डान्सिंग ब्रेव्हची १९८६ ची रेटिंग १४१ होती. जानेवारी २०१३ मध्ये जुने आकडे पुन्हा तपासले गेले, त्याची १३८ झाली आणि फ्रँकेल पहिला आला. डान्सिंग ब्रेव्ह तेव्हा तेरा वर्षांपूर्वीच गेला होता. त्याच्या पळण्यात काहीच बदललं नव्हतं.

६. चाल मांडा: कोण पुढे, कोण मागे

बहुतेक लोक पायरी ५ नंतर बेरीज करतात आणि निकाल लावतात. तिथे शर्यत होत नाही, हिशेब होतो. खरी मजा पुढे आहे.

शर्यत जिंकली जाते ती सुरुवातीच्या चालीवर. १९७३ च्या केंटकी डर्बीत शॅम सेक्रेटेरिएटच्या अडीच लांबी मागे होता, म्हणजे त्याचीही वेळ दोन मिनिटांच्या आत जाते. बहुतेक वर्षी त्या वेळेत तो डर्बी जिंकला असता. पाच आठवड्यांनी तोच शॅम बेलमाँटमध्ये सुटल्यापासून सेक्रेटेरिएटच्या खांद्याला खांदा लावून पळाला. पहिले सहा फर्लांग १:०९ ४/५ मध्ये गेले. दीड मैलाच्या शर्यतीत ही वेडी चाल आहे. शॅम तुटला आणि पाच घोड्यांत शेवटचा आला. सेक्रेटेरिएट तुटला नाही. शॅम वाईट घोडा नव्हता. चालीने त्याचा बळी घेतला.

त्याच सेक्रेटेरिएटची डर्बी बघा. सुरुवातीला सगळ्यांच्या मागे, आणि पाव मैलांच्या वेळा अशा: २५ १/५, २४, २३ ४/५, २३ २/५, २३. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा वेगवान. सव्वा मैलाच्या शेवटी घोडा मंदावतो, हा वेग वाढवत गेला. या आकड्यांपाशी मी आजही थांबते.

म्हणून प्रत्येक घोड्यासमोर तीन ओळी लिहा: पुढून पळतो की मागून? खांद्याला घोडा लागला तर काय करतो? चाल मंद झाली तर काय करतो?

आता माझी मांडणी. सव्वा मैल, माती, कोरडं मैदान, दोघं तीन वर्षांचे, दोघांवर १२६ पाउंड, गेटमधून, आठ घोडे. मॅन ओ' वॉर पुढे जाणार, तो त्याचा स्वभाव आहे. खांद्याला घोडा लागला तरी तो तुटत नाही, हे ड्वायरमध्ये दिसलंय. त्यामुळे सेक्रेटेरिएटने बेलमाँटसारखं सुटल्यापासून भिडणं शहाणपणाचं नाही. पण त्याला ते करायची गरजही नाही. तो मागूनही येतो, वळणावर अचानक पुढेही काढतो, प्रीकनेसमध्ये त्याने पहिल्याच वळणावर सगळ्यांना बाहेरून मागे टाकलं. मॅन ओ' वॉरकडे एक डाव आहे, सेक्रेटेरिएटकडे तीन. या अटींवर मी सेक्रेटेरिएटला एका लांबीने देते.

आता फक्त दोन ओळी बदला. गेटऐवजी १९२० ची फीत (घोड्यांसमोर आडवी ताणलेली, वर उडाली की घोडे सुटत), आणि दोघांवर १३६ पाउंड. सेक्रेटेरिएट पहिल्या काही ढांगांत संथ असे, आणि एवढं वजन त्याने कधी पाहिलेलं नाही. इथे मी मॅन ओ' वॉरला देते, आणि फरक जास्त धरते, तीन लांबींचा. तेच घोडे, उलट निकाल.

फ्रँकेल आणि सी बर्ड २१०० मीटरवर मला वेगळे काढता येत नाहीत. फ्रँकेल मैलाच्या २००० गिनीजमध्ये सुटल्यापासून पुढे पळाला, पण यॉर्कला मागे थांबून सहज आला, म्हणजे तोवर तो शांत व्हायला शिकला होता. २४०० मीटर म्हटलं की मी सी बर्डच्या बाजूने, कारण फ्रँकेल तेवढ्या अंतरावर एकदाही पळाला नाही. जे केलं नाही त्याचे गुण देत नाही.

एक गोष्ट मी पाळते. ६ जुलै १९७५ ला बेलमाँटवर रफियन ही घोडी फूलिश प्लेझरविरुद्ध दोघांच्याच शर्यतीत उतरली. त्याआधी दहाच्या दहा शर्यती तिने जिंकल्या होत्या. दोघं सुटल्यापासून एकमेकांना चिकटून पूर्ण वेगात पळाले, तिचा पाय मोडला, आणि तिला वाचवता आलं नाही. दोघांच्या शर्यतीत श्वास घ्यायला जागाच नसते. रफियनला मी कागदावरसुद्धा दोघांच्या शर्यतीत उतरवत नाही. तिची शर्यत मांडायची तर आठ-दहा घोड्यांत मांडते.

७. किती मागे जायचं?

नवख्यांनी १९०० च्या अलीकडे राहावं. एक्लिप्स १७६९ मध्ये पळायला लागला तेव्हा पाच वर्षांचा होता, आणि तेव्हा चार चार मैलांच्या फेऱ्या एकाच दिवशी पुन्हा पुन्हा पळवत. हंगेरीची किंचेम ५४ पैकी ५४ जिंकली, पण तिच्या काळात जॉकी खोगिरावर सरळ बसत. आखूड रिकीब घेऊन घोड्याच्या मानेवर ओणवं होण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रुजली, आणि तिने घोड्यांच्या वेळाच बदलल्या. किंचेमला आजच्या मैदानावर आणायचं तर तिला आजचा जॉकीही द्यावा लागेल.

८. दहा वेळा पळवा, मग खऱ्या शर्यतीवर तपासा

एक निकाल लिहू नका. मनात तीच शर्यत दहा वेळा पळवा: दोनदा मंद चाल, दोनदा वेडी चाल, एकदा ओली माती, एकदा वाईट सुटका, उरलेल्या नेहमीसारख्या. मग लिहा: सहा-चार, सात-तीन. 'दहा-शून्य' आलं तर परत पायरी १ वर जा, कुठेतरी अट एका बाजूला झुकली आहे.

पद्धत बरोबर आहे का हे कळायला एक सोपी परीक्षा आहे. १९७७ चा ट्रिपल क्राउन विजेता सिॲटल स्लू आणि १९७८ चा अफर्म्ड हे खरोखर भेटले. सप्टेंबर १९७८ मध्ये, नऊ फर्लांगांच्या मार्लबरो कपमध्ये. दोन ट्रिपल क्राउन विजेते एकाच शर्यतीत उतरण्याची ती पहिली वेळ. दोघांच्या नोंदी फक्त त्या शर्यतीच्या आदल्या दिवसापर्यंतच्या घ्या, पुढचं पान झाका, आणि वरच्या सगळ्या पायऱ्या करा. चाल मांडताना एवढंच विचारा की सुटल्यावर पुढे कोण असेल. मग पान उघडा: सिॲटल स्लू पुढून, तीन लांबींनी.

त्यानंतर त्याच दोघांची ऑक्टोबरमधली दीड मैलाची जॉकी क्लब गोल्ड कप मांडून बघा. माझ्या कागदावर ती दोघांतच होती. प्रत्यक्षात अफर्म्डचं खोगीर सरकलं, दोघं वेडी चाल पळत राहिले, आणि खूप मागे असलेला एक्सेलर येऊन सिॲटल स्लूला नाकाने हरवून गेला. तेव्हापासून दहापैकी एक धाव मी रिकामी सोडते आणि तिच्यासमोर फक्त 'खोगीर' असं लिहिते.